विश्लेषण : धावती डर्ट बाइक अचानक बंद का पडते? पुन्हा सुरू होत नसेल तर काय तपासावे?

कॉटन ग्रीन परिसर म्हणजे गोदामांच्या रांगा, कंटेनर वाहणारे ट्रेलर आणि पावसाळ्यात खड्ड्यांनी भरलेले रस्ते. पूर्व मुक्त मार्ग याच भागावरून जातो, अटल सेतू शेजारच्या शिवडीतून सुरू होतो; पण या दोन्हींवर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे सुट्टीच्या पहाटे कर्जत किंवा माळशेजच्या कच्च्या वाटा गाठायला निघालेल्या दुचाकीस्वाराला खालच्या रस्त्याने, अवजड वाहनांच्या सोबतीनेच जावे लागते. अशा ठिकाणी इंजिन एकदम बंद पडले, तर प्रश्न केवळ गॅरेजच्या बिलाचा राहत नाही.

सर्वात आधी काय करावे?

रस्त्याच्या मधोमध उभे राहून किक किंवा सेल्फ मारत बसू नये. क्लच दाबून, असलेल्या वेगावरच गाडी डाव्या कडेला घ्यावी. बॅटरीत दम असेल तर इंडिकेटर सुरू ठेवावा. रात्री ट्रेलरचालकाला बंद गाडी फार उशिरा दिसते. म्हणून तपासणी पदपथावर किंवा एखाद्या गोदामाच्या फाटकाजवळ, उजेडात करावी.

बंद पडण्याच्या पद्धतीवरून काय कळते?

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब, म्हणजे कम्प्रेशन. यांपैकी काय तुटले, याचा अंदाज गाडी कशी बंद पडली यावरून येतो. दिव्याचे बटण बंद करावे तशी गाडी क्षणात थांबली, तर संशय विजेवर. आचके देत, पिकअप कमी होत थांबली, तर पेट्रोलवर. खडखडाट होऊन किंवा मागचे चाक आवळल्यासारखे होऊन थांबली, तर दोष इंजिनाच्या आत असू शकतो. अशा वेळी ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.

सर्वात सोपी कारणे कोणती?

हँडलवरचा किल स्विच हाताच्या धक्क्याने बंद होतो आणि चालकाच्या लक्षातही येत नाही. साइड स्टँड खाली असेल तर अनेक गाड्या गिअर टाकताच बंद पडतात. या स्टँडच्या स्विचमध्ये चिखल अडकला, तर स्टँड वर असूनही तो खाली असल्याचा संकेत जातो. त्यानंतर फ्यूज आणि बॅटरीचे टर्मिनल पाहावे. खाचखळग्यांत टर्मिनलचे स्क्रू सैल होतात. चावी फिरवल्यावर मीटर पूर्ण काळा असेल, तर शोध इथूनच सुरू करावा.

फ्युएल इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत आडवे पडल्यावर इंजिन तोडणारा सेन्सर असतो. गाडी पडली असेल तर ती उभी करून चावी एकदा बंद करावी आणि पुन्हा चालू करावी. अनेकदा एवढ्यानेच काम होते.

पेट्रोल पोहोचते की नाही, कसे ओळखावे?

कार्ब्युरेटरच्या गाडीत आधी कॉक पाहावा. तो बंद किंवा रिझर्व्हवर जायच्या बेतात असू शकतो. २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाल्यानंतर बहुतेक नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आले. त्यात चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची बारीक घरघर ऐकू येते. ती आली नाही, तर फ्यूज, रिले, पंप किंवा किल स्विचकडे वळावे.

टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र मातीने बुजले, तर टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल उतरायचे थांबते. झाकण उघडताच फुस्स आवाज आला आणि मग गाडी सुरू झाली, तर दोष तिथेच आहे. पेट्रोलमध्ये पाणी शिरणे हे आणखी एक कारण. इथेनॉल पाणी शोषते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह तळाशी साचते आणि नेमके तेच इंजिनाकडे जाते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे होऊ शकते.

ठिणगी कशी तपासावी?

पेट्रोलचा वास येत असेल तर ही तपासणी करू नये. नसेल तर प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असेल, तर इंजिन ओव्हरफ्लो झाले आहे; प्लग पुसून, थ्रॉटल पूर्ण उघडून, थोडा वेळ सेल्फ किंवा किक मारावी. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोलच पोहोचत नाही. काळी काजळी धरली असेल, तर नवा प्लग लावून पाहणे हा सर्वात स्वस्त प्रयोग. प्रेशरने गाडी धुतल्यानंतर किंवा चिखलातून आल्यानंतर प्लगच्या टोपीत पाणी राहते, तीही कोरडी करावी.

गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने, थंड झाल्यावर आपोआप सुरू होते, अशी तक्रार असेल तर पिकअप कॉइल, इग्निशन कॉइल किंवा सीडीआय संशयास्पद ठरतो. तारेच्या वेटोळ्यातील बारीक तडा उष्णतेने उघडतो आणि थंडाव्याने जुळतो. गॅरेजमध्ये थंड गाडी व्यवस्थित चालत असल्याने हा दोष सापडत नाही. म्हणून मेकॅनिकला ‘गरम झाल्यावरच बंद पडते’ हे आवर्जून सांगावे.

पाण्यातून गेल्यावर बंद पडली तर?

इथे चूक सर्वात महाग पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा शहरभर असंख्य गाड्या पाण्यात अडकल्या. हिंदमाता परिसरात पाणी साचणे तर मुंबईकरांना नवे नाही. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी शिरले, तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण हवेसारखे पाणी आकसत नाही. त्या स्थितीत सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गाडी ढकलून कोरड्या जागी न्यावी, एअर फिल्टर पाहावा, प्लग काढून मगच इंजिन फिरवावे, म्हणजे पाणी बाहेर पडेल. इंजिन ऑइल दुधाळ दिसले, तर ते बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नये. पाण्यात इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नाने झालेले नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही. इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतली असली, तरी तिच्या अटी वाचून ठेवाव्यात.

कधी थांबावे?

किक खाली जातच नसेल, तर इंजिन जाम झाले आहे. जोर लावू नये. किक अगदी हलकी, अडथळ्याविना जात असेल, तर कम्प्रेशन गेले आहे. ऑइल संपले असेल, धातूचा आवाज येत असेल, तर टेम्पो बोलावणे हाच शहाणपणा. बाकीच्या दोषांसाठी सोबत एक जादा प्लग, प्लग पाना, दोन-तीन फ्यूज, स्क्रू ड्रायव्हर, कोरडे फडके आणि टॉर्च असावा. हे सामान सीटखाली किंवा छोट्या पिशवीत मावते, आणि बंदराच्या रस्त्यावर अंधारात उभे राहण्याची वेळ त्यामुळे कमी होते.