होडीचा भार आणि ओढशक्ती

भोंगवली ज्या भोर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात वेळवंडी नदीवर १९२८ साली भाटघरचे धरण पूर्ण झाले. त्याच्या येसाजी कंक जलाशयासारख्या विस्तीर्ण पाण्याकाठच्या गावांना होडी ही चैनीची वस्तू नव्हे. अशा होडीत किती माणसे बसवावीत, हा प्रश्न मात्र बहुधा अंदाजानेच सोडविला जातो.

तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते, हा आर्किमिडीजचा नियम शाळेत सर्वांनीच घोकलेला असतो. तो येथे लावून पाहावा. सपाट तळाची, ४ मीटर लांब व १.२ मीटर रुंद होडी एक सेंटिमीटर बुडाली की सुमारे ४८ किलो पाणी बाजूस सरते. म्हणजे प्रत्येक प्रौढ माणसागणिक ती सेंटिमीटरभर, किंबहुना थोडी अधिकच, खाली जाते. होडीचे स्वतःचे वजन २०० किलो व काठाची उंची ४५ सेंटिमीटर धरली, तर तीस माणसे बसूनही ती कागदावर तरंगते! पाणी व काठ यांत अंतर उरते जेमतेम तीन सेंटिमीटर. वाऱ्याची एक लाट किंवा एका अंगास झुकलेली दोन माणसे एवढ्याने ते संपते. उभ्या राहिलेल्या उतारूंमुळे गुरुत्वमध्य वर जातो आणि कललेली होडी पुन्हा सरळ होण्याची शक्ती गमावते. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली व सहा जणांचा अंत झाला. वाऱ्यापुढे कोणतेही गणित अपुरे पडते. म्हणून काठ भरपूर मोकळा ठेवणे अगत्याचे ठरते.

ओढण्याचे शास्त्र याहून निराळे आहे. जमिनीवर टनभर ओझे हलविण्यास बैलजोडी लागते. पाण्यावर तेच ओझे एक माणूस दोरीने ओढू शकतो, परंतु सावकाश. वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध सुमारे चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. सेकंदास एक मीटर वेगाने साडेसात किलोची ओढ लागत असेल, तर सुमारे ७५ वॅट पुरतात. कष्टकरी माणूस तेवढे काम बराच वेळ करू शकतो. दोन मीटरच्या वेगास ६०० वॅट हवेत, आणि ते एकट्याच्या आवाक्याबाहेरचे होय. शिक्षकांना हे हौदात लाकडी फळी व ताणकाटा घेऊन सहज दाखविता येईल.

बंद पडलेली होडी ओढून आणताना म्हणूनच घाई करू नये. दोर लांब असावा व नाळेस शक्य तितका खाली बांधावा. उंच बांधलेला दोर आडव्या ओढीने होडी कलंडवितो. ओढणाऱ्या होडीसही हाच धोका असतो, तेव्हा दोर तत्काळ सोडता येईल अशी गाठ हवी. उतारूंनी तळाशी बसावे. भाराची मर्यादा दाखविणारा रंगाचा पट्टा होडीच्या बाहेरील अंगास ओढून घेतल्यास, तो पाण्याखाली गेला की होडी सोडू नये, एवढे नावाड्यास व काठावरील कोणासही सांगता येते.