दातावरचा डाग आणि आईचं माहेर

समजा, वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत तुम्ही दात तपासताय. बारा वर्षांच्या मुलाच्या पटाशीच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसले. लगेच शाळेतल्या बोअरचं पाणी तपासायला पाठवून मोकळे होऊ नका. त्या दातांचं इनॅमल जन्मानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत तयार होतं. फ्लोराइडचा डाग तेव्हाच्या पाण्याचा, आजच्या नाही. म्हणून आईला विचारा, बाळंतपणानंतर किती दिवस माहेरी होतात, मग कुठं राहिलात? उत्तर यवतमाळ-चंद्रपूरकडचं आलं तर तिथलं पाणीही नोंदवा. त्या भागात अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. (आपल्याकडे मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर १.५.)

आणि प्रत्येक डाग फ्लोरोसिस नसतो, बरं का. फ्लोरोसिस डाव्या-उजव्या दातांवर सारखा, पसरट असतो. डाग एकाच दातावर असेल तर दुधाच्या दाताला मार लागला होता का, तो किडून पू झाला होता का, ते विचारा. पहिल्या कायमच्या दाढांवर (कधी पटाशीच्या दातांवरही) स्पष्ट कडेचे चट्टे असतील तर एमआयएचचा विचार करा. फॉर्मवर नुसता डीनचा निर्देशांक ठेवलात, तर हे सगळं फ्लोरोसिसच्या रकान्यात जाऊन बसायची भीती असते.

हलके डाग मायक्रोॲब्रेजननं कमी होतात, खड्डे पडले असतील तर कंपोझिट भरतात. पाणी बदलून या मुलाचे डाग जाणार नाहीत, पण धाकट्या भावंडाचे दात वाचू शकतात. त्याचं वय नोंदवायलाही एक रकाना ठेवा.