क्रँक पायाच्या मापाची हवी

रविवारी पहाटे बंगळूरमधल्या राजाजीनगरच्या डॉ. राजकुमार रस्त्यावरची दुकाने अजून बंद असतात, तेव्हा सायकली मात्र बाहेर पडलेल्या असतात. कुणी तुमकूर रस्ता धरतो, कुणाला नंदी हिल्स गाठायची असते. चढ लागला की त्यातल्या एखाद्या ठेंगण्या स्वाराकडे नीट पाहा. पायडल वर आले की गुडघा पोटाला भिडतो आणि कंबर डावी-उजवीकडे डुलते. गुडघा दुखू लागला की आपण सीट वर-खाली करतो. क्रँककडे, म्हणजे पायडलाच्या दांड्याकडे, कुणाचे लक्षच जात नाही.

मधल्या आसाच्या केंद्रापासून पायडलाच्या आसाच्या केंद्रापर्यंतचे अंतर म्हणजे क्रँकची लांबी. तयार सायकलींवर ती बहुधा १६५ ते १७५ मिलिमीटर असते. पाच फुटी आणि सहा फुटी माणसांच्या उंचीत २० टक्क्यांचा फरक. या क्रँकमध्ये जेमतेम ६ टक्क्यांचा. त्याचा भुर्दंड आखूड पायांना बसतो.

१७५ ची क्रँक काढून १६५ ची बसवली, तर खालच्या टोकाला पाय पूर्वीइतकाच सरळ व्हावा म्हणून सीट १० मिलिमीटर वर घ्यावी लागते. वरच्या टोकाला पायडल १० मिलिमीटर खाली आलेले असते. दोन्ही मिळून गुडघ्याला आणि खुब्याला २ सेंटीमीटर मोकळीक मिळते. पाऊल फिरते ते वर्तुळही लहान होते: मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या, तर तासाला सुमारे ३०० मीटर कमी.

पण आखूड दांड्याने जोर कमी पडणार नाही का? त्याच गिअरमध्ये पायाला सुमारे ६ टक्के जास्त दाब द्यावा लागतो, हे खरे. एक हलका गिअर टाकला आणि पाय थोडे भरभर फिरवले की ते भरून निघते. जेम्स मार्टिन आणि वनीन स्पिर्डुसो यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२० ते २२० मिलिमीटरच्या क्रँक तपासल्या होत्या. इतक्या मोठ्या पल्ल्यातही कमाल ताकदीत सुमारे ४ टक्क्यांचाच फरक पडला. २०२४ मध्ये टूर द फ्रान्स जिंकणारा तादेय पोगाचार १७६ सेंटीमीटर उंच असूनही १६५ च्या क्रँकवर धावला.

क्रँक बदलल्यावर सीट न हलवता सायकल चालवू नका. सीट जितकी वर घ्याल, तितके हँडल खाली वाटेल. पाठ ताणली जात असेल तर तेही उचलून घ्या. पहिले काही दिवस जवळच्याच फेऱ्या मारा. दुखणे जुने असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आज सायकल पुसताना क्रँकच्या आतल्या बाजूला, पायडलाच्या भोकाजवळ कोरलेला आकडा वाचा. नवी सायकल घेताना रंग आणि गिअर विचारता, तसा हा आकडाही विचारा.