बेने इस्राएलांची गृहोपासना आणि स्त्रियांचे सहाध्ययन

निरनिराळ्या धर्मांच्या स्त्रियांनी एकत्र बसून यहुदी उपासनेचा अभ्यास करावयाचा झाल्यास आरंभ कोठून करावा, हा प्रश्न वरवर पाहता गौण वाटतो. परंतु अभ्यासाची निष्पत्ती पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

आरंभ सिनॅगॉगपासून केल्यास असे दिसते की, परंपरानिष्ठ पंथात सामुदायिक प्रार्थनेस 10 प्रौढ पुरुष आवश्यक असतात, स्त्रियांची बैठक निराळी असते आणि कालबद्ध अशा बहुतेक विधायक आज्ञांतून त्यांना सूट असते. यावरून स्त्रीचे स्थान दुय्यम आहे, असा निष्कर्ष सहज निघतो. आरंभ घरापासून केल्यास चित्र पालटते. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी शब्बाथचा दीप लावणे, मांस व दूध परस्परांपासून दूर ठेवणे, वल्हांडणापूर्वी घरातील खमीर नाहीसे करणे, ही कर्तव्ये मुख्यत्वे गृहिणीच पार पाडीत आली आहे. म्हणून दोन्ही ठिकाणे पाहिल्यावाचून मत बनविणे युक्त नव्हे.

कोकणातील बेने इस्राएलांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेल गाळणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मुंबईत त्यांचे पहिले सिनॅगॉग 1796 मध्ये उभे राहिले. तत्पूर्वी शब्बाथ, आहारनियम व सुंता यांच्या आधारे त्यांचा धर्म टिकला, आणि त्यांपैकी पहिल्या दोहोंचे पालन घरातच होत असे.

त्यांचा मलिदा हा विधी मात्र अभ्यासकाची कसोटी पाहतो. पोहे, गूळ, नारळ आणि फळे यांचे ताट पाहून हिंदू विद्यार्थिनीस प्रसादाची, तर मुसलमान विद्यार्थिनीस फातिह्याची आठवण होईल. शेजारधर्मातून आलेले हे साम्य खरे आहे. पण ते ताटापुरतेच. ताटावर म्हटली जाणारी हिब्रू आशीर्वचने एकमेव ईश्वरास उद्देशून असतात आणि त्या प्रसंगी एलिया प्रेषिताचे स्मरण केले जाते. तेव्हा 'हे आमच्याकडील कशासारखे आहे?' या प्रश्नावर न थांबता 'हे करणारी व्यक्ती काय म्हणते, आणि कोणास उद्देशून?' असे विचारावयास हवे.

या परंपरेत स्त्रियांनी स्वतःही फेरविचार केला आहे. डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने 1925 मध्ये मुंबईत उदारमतवादी 'ज्यूइश रिलिजस युनियन' स्थापन झाली. परंपरेची चिकित्सा तिच्या अंतरंगातूनच होत असते, हे ध्यानी घेतल्यास सहाध्ययन करणाऱ्या स्त्रिया निवाडा देण्याची घाई करणार नाहीत. प्रथम ऐकून घेणे, हेच अशा अभ्यासाचे पहिले पथ्य होय.