उन्हाळी टोमॅटोची रोपं विकायचीत? आधी रात्रीचं तापमान बघा

रोपवाटिका सुरू करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "उन्हाळ्यासाठी टोमॅटोची कुठली व्हरायटी ठेवायची?" नाव सांगतोच, पण आधी थोडं थांबा.

गिऱ्हाईक तुमच्याकडून रोप नेतं तेव्हा ते हिरवंगार दिसतं. तक्रार येते दीड महिन्यानं. "झाड जोरात वाढलं, फुलंही आली, पण सगळी गळाली." तोपर्यंत त्या माणसाचे बांबू, तार, मल्चिंग, ठिबक, मजुरी असे सगळे पैसे रानात गेलेले असतात. पुढच्या वर्षी तो तर येत नाहीच, गावातले चार जणही येत नाहीत.

फुलं का गळतात? दिवसा पारा 35 अंशांच्या वर गेला आणि रात्रीही 22-24 अंशांच्या खाली उतरला नाही, तर टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत. मग फळधारणा होत नाही. दुपारचं ऊन सगळ्यांना दिसतं, रात्र कोणी मोजत नाही. नारायणगावच्या पट्ट्यात उन्हाळी टोमॅटो जोरात होतो, पण तिथल्या रात्री जळगाव-अकोल्यापेक्षा थंड असतात. त्यामुळे "नारायणगावात चालते" एवढ्यावर अकोल्यात बियाणं भरू नका. शंभर-दोनशे रुपयांचा तापमापक घ्या आणि मार्च-एप्रिलमध्ये पहाटेचं तापमान वहीत लिहा.

आता नावं. दिल्लीच्या पुसा संस्थेची 'पुसा सदाबहार' कमी आणि जास्त अशा दोन्ही तापमानांत फळ धरण्यासाठी काढलेली आहे. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का विकास' उष्णता आणि पाण्याचा ताण सोसते. ही सरळ वाण असल्यानं तिचं बी धरता येतं. त्याच संस्थेची 'अर्का रक्षक' संकरित आहे. तिची खरी ताकद रोगप्रतिकारात आहे: लीफ कर्ल व्हायरस, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा. उन्हाळ्यात पांढरी माशी वाढते आणि लीफ कर्ल तीच पसरवते, म्हणून या गुणाला मोल आहे. पण रोग न येणं वेगळं आणि गरम रात्रीत फळ धरणं वेगळं. दुकानदार दोन्ही एकाच दमात सांगतो, तुम्ही मात्र वेगवेगळं विचारा.

खाजगी कंपन्यांच्या संकरित जातीही चांगल्या असतात. पाकिटावरच्या लालबुंद फोटोवर जाऊ नका, शिफारशीचा हंगाम वाचा. झाडाला पाला भरपूर येतो का, हेही विचारा. पाला विरळ असेल तर फळावर उन्हाचा चटका बसून पांढरे डाग पडतात. आणि कडक उन्हात फळाला लाल रंग कमी चढतो, पिवळट छटा राहते. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

तारखेचं गणित जातीइतकंच महत्त्वाचं. फुलोरा कडक उन्हाच्या आधी यायला हवा. लागणीनंतर साधारण महिन्याभरात फुलं येतात, म्हणजे लागण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला हवी. रोप तयार व्हायला 25 ते 30 दिवस लागतात. म्हणजे बी टाकायचं डिसेंबरअखेरीस आणि बुकिंग, अ‍ॅडव्हान्स त्याच्याही आधी. एप्रिलमध्ये कोणी लागणीसाठी रोपं मागितली, तर हातातली ऑर्डर गेली तरी चालेल, खरं काय ते सांगा.

पहिल्याच वर्षी एका जातीवर सगळा माल लावू नका. 98 कप्प्यांचा एकेक ट्रे प्रत्येक जातीचा काढा आणि ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात शेजारी-शेजारी ओळी लावायला द्या. गुच्छात किती फुलं होती आणि किती फळं धरली, एवढंच मोजा.

बियाण्याचं पक्कं बिल घ्या. पाकिटावरचा लॉट नंबर, उगवणक्षमता आणि वैधता तपासा. रिकामं पाकीट फेकू नका. कुठल्या लॉटचे ट्रे कुणाला गेले याची नोंद ठेवा. तक्रार आली की पहिल्यांदा तीच वही उघडावी लागते.