पिवळा बल्ब काढण्याआधी

"दादा, हा पिवळा उजेड किती दिवस वापरणार? एचआयडी मारून देतो, रात्रीचा दिवस होईल." पुण्यातली नाना पेठ असो की तालुक्याच्या गावातलं ॲक्सेसरीचं दुकान, गाडी चार-पाच वर्षांची झाली की हे वाक्य कानावर पडतंच. दुकानदार खोटं बोलत नसतो. आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत असणारा एच-४ हॅलोजन बल्ब डिपरवर ५५ वॅट वीज घेऊन साधारण १००० ल्युमेन उजेड देतो, अप्परवर ६० वॅटला १६५०. एचआयडी, म्हणजे बोलीभाषेतला झेनॉन, ३५ वॅटमध्ये ३२०० ल्युमेनपर्यंत जातो. वीज कमी, उजेड तिप्पट. मग नाही कशाला म्हणायचं?

नाही म्हणायचं ते बल्बमागच्या चकचकीत वाटीमुळे, म्हणजे रिफ्लेक्टरमुळे.

एच-४ बल्ब एकदा हातात घेऊन नीट बघा. काचेला मात्र बोट लावू नका. घामाचा डाग राहिला की तापल्यावर तिथेच काच दगा देते. आत टंगस्टनच्या दोन बारीक गुंडाळ्या दिसतील, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या गुंडाळीखाली पत्र्याची चिमुकली पन्हळ बसवलेली असते. सगळी करामत तिचीच. गुंडाळीतून खाली जाणारा उजेड ती अडवते, कारण तो रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडला असता तर उलटून वर, थेट समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. वरच्या अर्ध्या भागावर पडलेला उजेड खाली रस्त्यावर उतरतो. या पन्हळीची एक कड १५ अंशांनी तिरकी असते. त्यामुळे आपल्या डाव्या बाजूला उजेडाची रेषा थोडी वर चढते आणि रस्त्याकडेला उभी असलेली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशी उसाची ट्रॉली वेळेत दिसते. कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात रात्री गाडी चालवणाऱ्याला या १५ अंशांची किंमत वेगळी सांगायला नको.

युरोपात मोटारीत हॅलोजन १९६२ साली आला, एच-४ हा प्रकार १९७१ मध्ये. जवळपास ३००० अंश सेल्सिअसला तापलेल्या तारेतून टंगस्टनची वाफ होत राहते. साध्या बल्बात ती काचेवर बसून काच काळी पडते. इथे आयोडीन किंवा ब्रोमीन तिला धरून पुन्हा तारेकडे आणून सोडतं. तंत्र जुनं आहे, पण एक गोष्ट त्याला फार छान जमते. तेजाचा तुकडा लहान, सरळ, सर्वत्र जवळपास सारखाच उजळ आणि ठरलेल्या जागी पक्का असतो. रिफ्लेक्टरचा वळसा नेमका त्या जागेसाठीच आखलेला असतो.

एचआयडीत तारच नसते. क्वार्ट्झच्या इवल्याशा कुपीत साधारण ४ मिलिमीटर अंतरावर दोन टोकं असतात आणि त्यांच्यामध्ये विजेची ठिणगी अखंड जळत ठेवलेली असते. ती पेटवायला बॅलास्ट आणि त्याचा इग्नायटर २० हजार व्होल्टहून मोठा झटका देतात. पेटल्यावर नेहमीच्या डी-२ दिव्याला ८५ व्होल्टच्या आसपास पुरतात. झेनॉन वायू लगेच उजेड देतो, पण कुपीतले धातूंचे क्षार तापून वाफ होईपर्यंत काही सेकंद जातात आणि त्यानंतरच पूर्ण प्रकाश येतो. १९९१ साली बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा खरोखरच मोठी उडी होती ती. पण ही ठिणगी सरळ नसते. ती वर कमानीसारखी वाकते आणि सर्वांत जास्त तेज मधे नसून दोन्ही टोकांजवळ असतं. तारेसाठी आखलेल्या वाटीत अशी कमान बसवली की उजेड कुठे जायचा ते वाटीच्या हातात राहत नाही.

खुद्द बल्ब बनवणाऱ्यांनी हे पहिल्यापासून ओळखलं होतं. म्हणूनच त्यांनी दोन वेगळे बल्ब काढले. भिंगवाल्या प्रोजेक्टरसाठी डी-२-एस आणि रिफ्लेक्टरसाठी डी-२-आर. दुसऱ्याच्या काचेवर नको तिकडचा उजेड अडवायला काळे पट्टे मारलेले असतात आणि तो डी-२-एसपेक्षा थोडा कमी उजेड देतो. प्रोजेक्टरमध्ये एक पत्र्याचा पडदा उजेडाची वरची कड कापून टाकतो. अप्पर हवा असेल तेव्हा तो पडदा बाजूला सरकतो. हॅलोजनच्या जागी एचआयडी बसवायच्या बाजारातल्या स्वस्त एच-४ किटमध्ये मात्र अख्खा बल्बच चुंबकाने पुढे-मागे ढकलतात. ते एकदा अडकलं की यूज डिपर ॲट नाईट हे ट्रकमागचं वाक्य नुसतं वाचायचं.

मग किट लावलेला माणूस "काय झकास दिसतं!" असं का म्हणतो? कारण त्याला गाडीपुढचे पहिले पंधरा-वीस मीटर लख्ख दिसतात. मेंदूला ते आवडतं, पण डोळ्यांची बाहुली त्या उजेडाने आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. धोका लांबच असतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या दीड सेकंदात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी चाळीसेक मीटर लागतात. म्हणजे जवळपास ७५ मीटर. पहिले वीस मीटर कितीही उजळले तरी हा हिशेब सुटत नाही.

समोरून येणाऱ्याचा हिशेब याहून वाईट. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्याच्या तुलनेत साधारण तिसरा हिस्साच उजेड पोचतो आणि वयाने धुरकट झालेल्या नेत्रमण्यात प्रखर झोत अधिक पसरतो. आपल्या दुपदरी रस्त्यांवर मधे दुभाजक नाही. आंधळा झालेला तो ड्रायव्हर दोन-तीन मीटरच्या अंतराने आपल्याच बाजूने जाणार असतो, हे तरी स्वार्थापोटी लक्षात घ्यावं.

युरोपीय नियमांनी म्हणूनच २००० ल्युमेनहून तेज दिव्यांना दोन अटी घातल्या: गाडीच्या झुकण्यानुसार झोत आपोआप खालीवर होणारी यंत्रणा आणि हेडलाइटची काच धुणारा फवारा. कारण साधं भूमितीचं आहे. डिपरचा झोत साधारण १ टक्का उतरता ठेवतात, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर. डिकीत सामान भरून मागे तीन माणसं बसली आणि गाडीचं नाक फक्त एका अंशाने वर गेलं, तर १० मीटरवर झोत साडेसतरा सेंटिमीटर वर चढतो. उतार संपला, झोत थेट आभाळाकडे. काचेवरची धूळही उजेड असाच वर उधळते. दुकानातल्या किटमध्ये या दोहोंतलं काहीच नसतं.

रंगाबद्दलही बराच गैरसमज आहे. कंपनीचा एचआयडी ४३०० केल्विनच्या आसपास असतो, म्हणजे पांढरा. दुकानात ६००० आणि ८००० केल्विनचे निळसर बल्ब जास्त किमतीला विकले जातात. ते उजेड कमी देतात आणि डोळ्यांना खुपतात मात्र जास्त. उलट बाजूने, "धुक्याला पिवळाच लागतो" हेही अर्धसत्य. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी पट मोठे असतात, त्यामुळे पिवळा आणि पांढरा दोन्ही जवळपास सारखेच विखुरतात. फ्रान्सने १९९३ पर्यंत पिवळ्या हेडलाइटची सक्ती केली, तरी बाकीच्या युरोपाचं त्यावाचून अडलं नाही. आंबा घाटात किंवा ताम्हिणीत धुकं उतरलं की उपयोगी पडतो तो बंपरात खाली बसवलेला, वरून सपाट कापलेला रुंद झोत आणि कमी वेग. पावसात तर कुठलाच दिवा पुरत नाही. ओला डांबरी रस्ता आरशासारखा उजेड पुढे परतवून देतो, आपल्याकडे फारच थोडा परत येतो. त्यात बल्बचा काही दोष नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. अनेक गाड्यांतला हॅलोजन मिणमिणतो तो उपाशी असल्यामुळे. त्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. वायरिंग बारीक, कनेक्टर गंजलेले, अर्थिंग ढिली आणि त्यामुळे बल्बपर्यंत १० टक्के व्होल्टेज कमी पोचलं, तर उजेड १० नाही, ३० टक्के घटतो. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून जाड वायर आणि रिले बसवून घेतला, की तोच ६०/५५चा बल्ब ओळखू येत नाही. १००/९० वॅटचा बल्ब मात्र टाकू नका. तो होल्डर वितळवतो आणि समोरच्याच्या डोळ्यांतही जातो. हेडलाइटची काच, म्हणजे खरं तर प्लास्टिक, उन्हाने पिवळी पडली असेल तर ती घासून पॉलिश करून घ्या. त्याने फरक पडतो, आणि किटपेक्षा स्वस्तात.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. गाडी कंपनीतूनच एचआयडी आणि प्रोजेक्टर घेऊन आली असेल तर हॅलोजनपेक्षा ती सरसच. बल्ब गेला की दोन्ही बाजूंचे एकदमच बदला आणि ४३०० केल्विनचेच घ्या. नवी गाडी घेताना चांगले एलईडी प्रोजेक्टर मिळत असतील तर झेनॉनचा विचारही करू नका. पण हॅलोजनच्या रिफ्लेक्टरात एचआयडी किट, याला माझं मत शून्य. कायदाही त्याच बाजूला आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि केंद्रीय नियमांतला १०६ क्रमांकाचा नियम समोरच्याचे डोळे दिपवणारा झोत चालवून घेत नाही.

आणि एक फुकटचं काम. स्टीअरिंगजवळ ० ते ३ आकडे असलेलं एक छोटं चाक बऱ्याच गाड्यांत असतं, ज्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. हेडलाइटचा झोत खाली घ्यायला ते दिलेलं आहे. दिवाळीत गाडी भरून गावाला निघाल, तेव्हा सपाट जागी भिंतीसमोर उभी करून डिपर लावा, आणि उजेडाची कड हेडलाइटच्या उंचीपेक्षा खाली येईपर्यंत ते चाक फिरवा.