पोरीला मिलिटरीत जायचंय!

'ताई, तुमी तिले समजवा ना. तुमचं ऐकते ते.' बचत गटाची मीटिंग संपली, बाकीच्या बाया चपला घालून निघाल्या, तरी ती मागं थांबली होती. सिंदेवाही तालुक्यातलं गाव, दीड एकर धान, नवरा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. थोरली मुलगी बारावी पास, अठरा पूर्ण. आणि ती म्हणते, मला अग्निवीरचा फॉर्म भरायचाय.

मैत्रिणींनो, आपल्याकडे 'समजवा' या शब्दाचा एकच अर्थ असतो, नाही म्हणायला लावा!

रविवारी मी मुलीलाच घरी बोलावलं. आली ती पायात पळायचे बूट घालूनच. मुलींना सैन्यात मिलिटरी पोलिसमध्ये भरती होता येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उंची १६२ सेंटिमीटर लागते, दहावीला ४५ टक्के लागतात, सोळाशे मीटर साडेसात मिनिटांत पळावं लागतं, दहा फूट लांब उडी, तीन फूट उंच उडी. सगळं तोंडपाठ. मी तिला दाराच्या चौकटीला उभं केलं आणि शिवणकामाच्या टेपनं मोजलं. १६२ वर जेमतेम अर्धा! आपल्याकडच्या कितीतरी पोरी या टेपलाच बाद होतात. ही वाचली.

खरं सांगू? मला तिचा हेवा वाटला. कॉलेजात असताना मीही एनसीसीत होते. सैन्यात बायका अधिकारी म्हणून १९९२ पासून जायला लागल्या होत्या, म्हणजे मी बी.ए. होईपर्यंत दार उघडून बरीच वर्षं झाली होती. पण ते दार आपल्यासाठीही आहे, हे सांगणारं कुणी नव्हतं. घरी विषयच निघाला नाही, त्यामुळे कुणी नाही म्हणायचाही प्रश्न आला नाही. खाकी ड्रेस धुऊन परत केला आणि पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

पण हेवा बाजूला ठेवून आईचंही ऐकायला हवं होतं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. तिथं शंका विचारायला गल्लीत एखादे निवृत्त सुभेदार तरी भेटतात. आपल्या झाडीपट्टीत गणवेश म्हटला की डोळ्यासमोर येतो तो वनखात्याचा, नाहीतर पोलिसांचा. आणि पोलिसांचा गणवेश आपण कसा पाहिलाय?

या बाईचं माहेर धानोरा तालुक्यातलं. भाऊ गडचिरोली पोलिसात. २००९ हे वर्ष ती विसरूच शकत नाही. फेब्रुवारीत मरकेगावला १५ पोलीस गेले. २१ मेला हत्तीगोटाला १६, त्यात पाच महिला पोलीस. ऑक्टोबरात लाहेरीला १७. मेच्या त्या दिवशी भावाची खुशाली रात्रीपर्यंत कळली नव्हती. 'चूल पेटवली नाही ताई त्या दिवशी,' ती म्हणाली. मग दहा वर्षांनी, १ मे २०१९ ला, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक. आपल्याकडे पोलिसात जाणारी पोरं परकी नव्हती, त्यांच्यावर गोळ्या झाडणारीही बरीचशी इथलीच होती. म्हणून या बाईला 'देशसेवा' हा शब्द ऐकवून उपयोग नव्हता. तिनं त्या शब्दाची किंमत माहेरी पाहिली आहे.

आईचा युक्तिवाद संपला तेव्हा मुलगी इतकंच म्हणाली, 'आई, तू तेंदूपत्त्याले जातेस तेव्हा मी काय करत असतो, तुले माहीत हाय?'

आम्ही दोघीही गप्प झालो. १० मे २०२५ ला याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायांचा वाघानं एकाच दिवशी जीव घेतला. तरी दुसऱ्या आठवड्यात ही बाई जंगलात होतीच. हंगाम थोड्या दिवसांचा, पैसा रोख. जिवाची भीती घेऊन रोज पहाटे घराबाहेर पडणारी बाई मुलीला म्हणते, तुझी नोकरी धोक्याची आहे! यात मला तिची चूक दिसत नाही. स्वतःचा धोका बाई मोजत नसते, पोरीचाच मोजते.

त्यात गैरसमजही होते. तिला वाटत होतं, पोरगी थेट सीमेवर बर्फात बंदूक घेऊन उभी राहणार. मिलिटरी पोलिसचं काम छावणीतली शिस्त, वाहतूक, बायकांची झडती अशा स्वरूपाचं. जवान म्हणून शिकलेल्या मुलींची पहिली तुकडी, ८३ जणींची, मे २०२१ मध्ये बंगळूरला प्रशिक्षण पूर्ण करून सैन्यात दाखल झाली. अर्थात, बदली देशात कुठंही होऊ शकते, तेही मी लपवलं नाही.

मग आम्ही वहीत हिशेब मांडला. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गावात 'मिलिटरीची नोकरी' म्हटलं की लोकांना पेन्शन आठवते, आणि अग्निवीरला पेन्शन नाही! जून २०२२ मध्ये योजना जाहीर झाली ती अशी: नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले २१ हजार हातात आणि ९ हजार निधीत. चौथ्या वर्षी ४० हजार, हातात २८ हजार. कापलेल्या रकमेएवढीच भर सरकार घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे पावणेबारा लाख मिळतात. कायम होतात ते शंभरातले पंचवीसपर्यंत. बाकीच्यांनी घरी यायचं.

'मंजे बावीस-तेवीस वर्साची घरी,' आईनं लगेच हिशेब केला. 'आन् तोवर लगन नाही?' नाही. अग्निवीरला त्या चार वर्षांत लग्न करता येत नाही. आई हिरमुसली, आणि पोरगी तोंड फिरवून हसली ते मी पाहिलं. मला तर शंका आहे की पोरीच्या दृष्टीनं पावणेबारा लाखांपेक्षा ही अटच मोठी कमाई आहे! तिच्या वर्गातल्या दोघींची लग्नं बारावीच्या निकालाआधीच झाली.

पोलिसातला मामा फोनवर म्हणाला, पोलीस भरतीच दे, जिल्ह्यातच राहशील, आठशे मीटर पळायचं, आणि नोकरी कायमची. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, आता २००९ सारखे दिवस नाहीत, असंही तो म्हणाला. ते ऐकून आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी ढील आली. मी मुलीला दोन्ही फॉर्म भरायला सांगितलं. आणि एक गोष्ट जरा दरडावूनच सांगितली, बी.ए.चं नाव सोडायचं नाही. अग्निवीरांसाठी इग्नूनं पदवीची सोय केली आहे. चार वर्षांनी हातात पैसे असतील आणि शिक्षण बारावीच असेल, तर ते पैसे कुणाच्या तरी ट्रॅक्टरमध्ये नाहीतर भावाच्या लग्नात जायला वेळ लागणार नाही. (भावांनो, रागावू नका, मी पाहिलंय म्हणून लिहिते.)

जा किंवा जाऊ नको, असं मी तिला म्हटलं नाही. अठरा पूर्ण झालेल्या मुलीला आईबापाची परवानगी कायद्यानं लागत नाही, हे तिला माहीत आहे. तरी ती आईच्या होकारासाठी थांबली आहे.

सध्या ती सकाळी उजाडल्यावरच पळते. अंधारात रस्त्यावर वाघाची भीती. बाप मोटारसायकलवर मागंमागं असतो, वेळ मोजायला म्हणे. तो या सगळ्यात अजून एक शब्दही बोललेला नाही.

परवा आईचा फोन आला. 'ताई, एक इचारू? मिलिटरीतल्या पोरीले दिवाळीले सुट्टी भेटते का वो?'

वर्षाला तीस दिवस रजा असते, मी म्हटलं. पण दिवाळीलाच मिळेल, असं काही सांगता येत नाही.